भाऊंच्या बाटलीतली माझी पावडर

चूक माझी होती. हे वाक्य मी चार वर्षं मनात लिहिलं आणि मनातच खोडलं, म्हणून आता सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे पळवाट राहणार नाही. माझ्या हलगर्जीपणामुळे एका भल्या माणसाचा उजवा हात अधू झाला. आणि ती चूक त्याचीच होती, असं मी त्याला त्याच्या तोंडावर पटवून दिलं.

२००४ साल. आम्ही टेक्ससमध्ये प्लेनोला राहत होतो. भाऊ मूळचे नागपूरचे, माझ्याच ऑफिसात, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. सगळे त्यांना भाऊच म्हणत. आम्हा दोघांना ग्रीन कार्ड एका वर्षाच्या अंतराने मिळालं आणि ऑफिसातल्या इतरांचं बघून आम्ही एकेक पिस्तूल घेतलं. रविवारी सकाळी रेंजवर जायचं, कागदावरच्या गोलांवर नेम धरायचा, येताना डोसा खायचा. पुढे काडतुसं घरीच भरायला शिकलो. माझ्या गॅरेजमध्ये एक टेबल होतं, त्याला प्रेस बसवली. कृती अवघड नाही. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तिच्या बुडात ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, मापाने पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. डोकं लागतं ते फक्त पावडर निवडायला.

दुकानात पावडरच्या बाटल्यांची एक अख्खी भिंत होती. त्या भिंतीपुढे आम्ही तासभर भांडलो.

"मला ती फुगीर पाहिजे," भाऊ म्हणाले. "अर्ध्याच्या वर पुंगळी भरते. चुकून दोनदा पडली तर बाहेर सांडेल. आंधळ्यालाही दिसेल."

"अहो, ती धूर किती करते! ही बारीक बघा. चिमूटभर पुरते. मापातून पाण्यासारखी पडते."

"अन् चिमूटभरच्या जागी दोन चिमटी पडली तर? पुंगळीच्या तळाशी काय दिसणार तुला, कप्पाळ?"

"मी केमिकल इंजिनिअर आहे, भाऊ."

"हो रे बाप्पा, माहीत आहे. पण माणूस चुकतोच. चुकलं तर दिसेल अशी पावडर घ्यावी."

मी हसलो. ते त्यांची फुगीर पावडर घेऊन आले, मी माझी बारीक. रंग दोन्हींचा सारखाच, काळपट करडा. म्हणून भाऊंनी नियम घातला: टेबलावर एका वेळी एकच बाटली, आणि मापाच्या नळकांड्यात उरलेली पावडर जिची तिच्याच बाटलीत परत. वहिनी त्यांना सोडायला आल्या की गाडीतूनच ओरडायच्या, "बसले का सकाळीच दारू घेऊन?" भाऊ उत्तर द्यायचे, "पिऊन नाही बसलो, मोजून बसलोय!"

आता माझी चूक.

एकदा माझ्या हातून माझी बाटली गॅरेजच्या फरशीवर पडली आणि गळ्याशी तडकली. भाऊंच्या एकसारख्या दोन-तीन बाटल्या माझ्या फळीवर असत; त्यातली एक संपली होती, ती मी ठेवून दिली होती. चांगल्या झाकणाची बाटली आमच्या घरात कोणी टाकत नाही. आमच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या बाटलीत जिरं असायचं, लोणच्याच्या बरणीत साबुदाणा, फ्रीजरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात खवलेला नारळ. लेबल कोणी वाचत नसे. कशात काय आहे ते घराला माहीत असे. त्याच सवयीने मी माझी बारीक पावडर भाऊंच्या रिकाम्या बाटलीत ओतली. वर कागद चिकटवायचा विचार केला होता, तेवढ्यात जेवायला हाक आली. कागद राहिला तो राहिलाच. माझ्याही डोक्यातून ते साफ गेलं.

तीन आठवड्यांनी शनिवारी भाऊ आले. मी ऑफिसच्या कॉलवर होतो, फोन कानाला. त्यांनी फळीवरून बाटली काढली.

"ही अर्धी आहे. नवी फोडण्याआधी हीच संपवतो."

मी मान डोलावली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "काऊन रे, ही बारीक वाटते थोडी."

फोनवर हात ठेवून मी म्हणालो, "तळाचा चुरा असेल, भाऊ."

"तराजूवर टाकून बघू का एकदा?"

तराजू माझ्या कागदांच्या ढिगाखाली होता. तो काढायचा म्हणजे मला उठावं लागलं असतं. मी म्हणालो, "माप तुमच्याच सेटिंगवर आहे. मी कालच वजन करून पाहिलंय."

मी वजन केलेलं नव्हतं. तोंडातून गेलं, एवढंच.

भाऊंनी प्रत्येक पुंगळीत वाकून पाहिलं. पावडर नेहमीच्याच उंचीवर होती. त्यांची पावडर फुगीर, माझी दाट. तेवढ्याच उंचीला माझी कितीतरी जास्त वजनाची भरली जाते आणि जळतेही झपाट्याने. हे त्या गॅरेजमध्ये ज्याला कळायला हवं होतं, तो फोनवर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी रेंजवर त्यांनी पहिलीच गोळी झाडली आणि आवाज वेगळा आला, फाटल्यासारखा. पिस्तुलाची मूठ फुटली होती. मॅगझिन खाली पायाशी पडलं होतं. भाऊ स्वतःच्या हाताकडे बघत होते. तळवा फाटला होता आणि तर्जनी भलत्याच कोनात वळली होती. गॉगलवर ओरखडे होते. डोळे त्यानेच वाचले. रेंजवरच्या माणसाने रुमाल आवळता आवळता विचारलं, "घरी भरलेली?" मी हो म्हणालो. त्याने नुसती मान हलवली.

वहिनी हॉस्पिटलमध्ये आल्यावर मी घरी आलो. उरलेल्या काडतुसांतलं एक उघडून पावडर पांढऱ्या कागदावर ओतली. माझी होती. तेव्हा सगळं आठवलं: तडकलेली बाटली, जेवायची हाक, तळाचा चुरा.

मग मी जे केलं ते शुद्धीत केलं. उरलेली काडतुसं एकेक करून सोडवली, सगळी पावडर मागच्या हिरवळीवर विखुरली, पाइपने पाणी मारलं. बाटलीचं लेबल खरवडलं आणि ती कचऱ्यात खाली दडपली. बायकोने विचारलं, "चांगली बाटली टाकलीस?" मी म्हणालो, "तडकली होती."

सोमवारी भाऊ हॉस्पिटलच्या पलंगावर बसले होते. हात बँडेजमध्ये.

"काय झालं असेल रे?"

"दोनदा पडली असेल पावडर."

"पण दोनदा पडली असती तर सांडली असती ना?"

त्यांनी ती पावडर निवडली होती ती याच कारणासाठी. त्यांचा हिशोब अचूक होता आणि मला तो मोडायचा होता.

"सांडली असेल," मी म्हणालो. "तुमचं लक्ष नसेल. माझ्याशी बोलत होतात ना."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. भाऊ हळूच म्हणाले, "असेल बाप्पा. तू म्हणतोस तर असेल."

दोन ऑपरेशनं झाली. तर्जनी पुरती मिटेना. ते डाव्या हाताने टाइप करायला शिकले, त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला. ऑफिसला जाताना हायवेवरून परत फिरायचे, गॅस बंद केला का ते बघायला. पूर्वी ज्याच्या कोडमध्ये कोणी खोट काढत नसे, तो माणूस साधी ईमेल मला दाखवून पाठवू लागला. मला! वहिनी चारचौघांत सांगायच्या, "ह्यांना काही लक्षात ठेवायला सांगू नका हो." मंडळाच्या गणपतीत कोणीतरी विचारलं, "भाऊ, प्रसादात साखर दोनदा नाही ना पडली?" सगळे हसले. भाऊही हसले. मीही हसलो.

काडतुसं भरणं मी सोडलं नाही. सोडलं असतं तर कोणी कारण विचारलं असतं. कोणी काही विचारू नये, याचीच मला काळजी असे.

२००८मध्ये भाऊंना न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, नोकरी मिळाली. शनिवारी सकाळी मी सामान बांधायला गेलो. वहिनी ओट्यापाशी काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. भाऊंनी डाव्या हाताने एक खोका पुढे केला. आत त्यांचा पावडरचा छोटा तराजू होता, माझ्या गॅरेजमधून त्यांनी परत नेलेला, नवा असल्यासारखा पुसलेला.

"हा तू ठेव. मला आता काय उपयोग? तू काळजी घेणारा माणूस आहेस."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या हातात पुन्हा नको ते."

भाऊंनी मान खाली घातली, शाळेत बोलणी खाल्लेल्या मुलासारखी. चार वर्षांत त्यांना ती सवयच झाली होती. मी खोका ओट्यावर ठेवला. चार वर्षं गाडीत बसून मनात कितीदा तरी जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही.

"भाऊ, पावडर दोनदा पडली नव्हती. तुमच्या जुन्या बाटलीत मी माझी बारीक पावडर ओतली होती आणि विसरलो होतो. ती बारीक आहे हे तुम्ही ओळखलं होतं. तराजूवर टाकू का, असंही विचारलं होतं. मी वजन केलंय म्हणालो, ते खोटं होतं. त्याच संध्याकाळी मला सगळं कळलं, तर मी पावडर गवतावर टाकली, बाटली फेकली आणि हॉस्पिटलात येऊन तुमच्यावर ढकललं. वहिनी, ह्यांचं लक्ष होतं. ह्यांनी प्रत्येक पुंगळी वाकून बघितली होती. हे काहीच विसरले नव्हते, विसरलो मी. आणि मग चार वर्षं तुम्हा सगळ्यांबरोबर ह्यांना हसलो. भाऊ, मला माफ करा. नाही केलंत तरी चालेल, पण ते तुमच्या हातून झालं नव्हतं."