शिंगराचा शेवट

किरगिझस्तानातल्या फ्रुंझे शहरातल्या लेखकांना सासूची नसेल एवढी धास्ती अनारकान आपांच्या जांभळ्या पेन्सिलीची होती. मुलांच्या पुस्तकांच्या सरकारी प्रकाशनात येणारं प्रत्येक हस्तलिखित आधी त्यांच्या टेबलावर पडायचं. आपा वाचायच्या, दोन पानी अभिप्राय लिहायच्या आणि तो सहीशिवाय लेखकाकडे रवाना व्हायचा. म्हणे निनावी! जांभळ्या रेघा दिसल्या की लेखक कपाळावर हात मारून घ्यायचा. एकतीस वर्षं आपांनी हेच केलं, आणि मुलांसाठी स्वतः एक ओळही लिहिली नाही.

त्यांचा हट्ट एकच होता, शेवटी मूल रडता कामा नये. त्याला कारणही होतं. त्यांचे वडील महायुद्धातून परत आले नव्हते आणि आपा अनाथाश्रमात वाढल्या होत्या. मुलांचं रडून झालंय, आता पुस्तकांनी तरी रडवू नये, असं त्या तावातावाने म्हणायच्या. दुःखी शेवट दिसला की कात्री लावायच्या. पण कापलेला शेवट आधी एका वहीत उतरवून ठेवायच्या. का ठेवायच्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. टाकून देववत नव्हतं, एवढंच.

शहात्तर साली अतबाशीच्या जुमाकादिर नावाच्या शाळामास्तरांची गोष्ट आली. नदीच्या गोठलेल्या बर्फावरून एक शिंगरू पलीकडे निघतं, बर्फ तडकतो आणि शिंगरू बुडतं. आपांनी लिहिलं, 'शिंगरू वाचवा.' मास्तरांनी गोष्ट तशीच परत पाठवली. पुन्हा जांभळी रेघ. असं चार वेळा झालं. पाचव्या खेपेला शिंगरू अंग झटकत घरी आलं, आपांनी खूश होऊन शिफारस केली आणि पुस्तक देशभरच्या शाळांत गेलं. त्यानंतर मास्तरांनी काही लिहिलं नाही. एका लेखात आपांनी त्यांच्यावर एक वाक्य खर्च केलं होतं, 'चांगला लेखक, पण आळसावला.'

आता आपा अठ्ठ्याहत्तरीला पोचल्या होत्या. शहराचं नावसुद्धा बदलून बिश्केक झालं होतं. एका लग्नाच्या जेवणात शेजारी अतबाशीची एक बाई बसली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "आमचे अगाय काही आता हा हिवाळा काढत नाहीत." जुमाकादिरांना सारं गाव अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणायचं.

"आजारी आहेत?"

"आजार कसला, मन कधीच मेलंय. तोलोमुश नदीत गेला तेव्हाच."

"तोलोमुश कोण?"

"त्यांचा मुलगा हो! नऊ वर्षांचा होता. पंचाहत्तर सालचा हिवाळा. बर्फावरून पलीकडे निघाला होता."

आपांच्या हातातला चहाचा वाडगा तसाच राहिला. घरी येऊन त्यांनी वही उघडली आणि तो शेवट पुन्हा वाचला. शिंगरू कधी नव्हतंच. एका बापाने पोराला शेवटचं नीट पोचवायला घेतलं होतं, आणि आपांनी चार वेळा त्याला दारातून माघारी पाठवलं होतं.

किरगिझ माणूस जाण्याआधी आपल्या माणसांकडून एक शब्द मागतो, आपली माणसंही त्याच्याकडून मागतात: राजी. मनात काही ठेवू नको, मोकळं कर. अगाय गेले तर हा शब्द मागायचा कुणाकडे? दुसऱ्या दिवशी सकाळी आपा वही पिशवीत घालून अतबाशीच्या गाडीत बसल्या.

दार अगायांच्या मुलीने, नुरीलाने उघडलं. चाळिशीतली, रुंद खांद्यांची बाई. "या आपा. एवढ्या लांबून? बसा, आधी चहा घ्या." तिने पाव आणि साय पुढे ठेवली. अगाय भिंतीशी पडून होते, हाडांचा सापळा झालेले.

"मी अनारकान. ओळखलंत का, अगाय?" आपांनी विचारलं.

"जांभळी पेन्सिल," अगाय म्हणाले. "आणलीय की काय? अजून काही कापायचं राहिलंय?"

"नाही हो. मला माहीत नव्हतं. एकदा लिहून कळवायचं तरी!"

"काय कळवू? शिंगरू माझं आहे म्हणून?"

आपांना रडू आवरेना. "माझ्या हातून चूक झाली. तुमचा तो शेवट मी वहीत उतरवून ठेवला होता. राजी व्हा, अगाय."

"वही आणलीय ना? मग वाचा आधी."

आपांनी वाचलं. बर्फ तडकला. शिंगराने एकदा मान वर काढली. काठावर कुणीतरी हाक मारत राहिलं, आणि पाणी वरून पुन्हा गोठलं. अगाय डोळे मिटून ऐकत होते, ओठ शब्दांबरोबर हलत होते. एक शब्दही ते विसरले नव्हते.

"मी राजी आहे," ते म्हणाले. "आता तिला विचारा."

आपांनी वळून पाहिलं. नुरीला किटली हातात धरून दारातच थांबली होती.

"मी सहा वर्षांची होते," ती म्हणाली. "दादा कुठे गेला ते मला कुणी धड सांगितलं नाही. दोन वर्षांनी शाळेत तुमचं पुस्तक आलं. अगायांनी लिहिलंय म्हणून बाईंनी मलाच उभं करून वाचायला लावलं. शेवटी शिंगरू घरी आलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी घरी पळत आले आणि आईला म्हटलं, दादा येणारे, पुस्तकात लिहिलंय."

ती किटली घेऊन आपांच्या शेजारी येऊन बसली.

"दोन हिवाळे मी संध्याकाळी फाटकाशी उभी राहायचे, आपा. आई ओढून आत न्यायची. मला कुणी रडूच दिलं नाही."

"राजी हो, पोरी," आपा कशाबशा म्हणाल्या.

नुरीलाने त्यांच्या वाडग्यात चहा ओतला. पाहुण्याला देतात तसा, थोडाच, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढता यावा. मग तिने आपांच्या मांडीवरची वही उचलली आणि छातीशी धरली.

"ही इथेच राहू द्या," ती म्हणाली. "आधी मला वाचू द्या."