खिशात मावणारा कॅमेरा
ओल्या छापील चादरीचा वास आला की भैरवगढचं ते चादरी छापायचं अंगण आठवतं. मला एकट्यानं फिरून माहितीपट करायचा होता, म्हणून कोणता विकत घ्यावा ते ठरवायला शहरातल्या फ्रीगंज बाजारातून एक मोठा, एक छोटा असे दोन कॅमेरे दिवसभरासाठी भाड्यानं आणले होते. मोठा काढताच छपाई करणाऱ्या बाई ठसा बाजूला ठेवून, पदर सावरून ताठ बसल्या. मग मी खिशात मावणारा छोटा काढला. त्या पुन्हा ठसे उमटवू लागल्या आणि सुरतला गेलेला मुलगा फोनच करत नाही, असं बोलून गेल्या. मग थबकून त्यांनी विचारलं, “ये चालू है क्या?” मी हो म्हटलं. “तो चलने दो. वो भी सुन ले.” पुढे मी छोटाच विकत घेतला. बाईंच्या बोलण्याचा तुकडा फिल्ममध्ये घातला नाही, त्यांनी दिलेल्या मुलाच्या नंबरवर पाठवला. त्यानं तो पाहिला, एवढं मला फोनवर दिसलं. नंतर त्यानं आईला फोन केला का, हे विचारायला मी अजून गेलेलो नाही.