कागद निजवणारी

त्या कचेरीत तिला सगळे अंगाईबाई म्हणत. वरच्या मजल्यावर साहेबांची सही झाली की परवान्याचा कागद खाली तिच्या टेबलावर येई. ती तो हलक्या हाताने उताणा निजवी, कोपऱ्यांवर गुळगुळीत गोटे ठेवी आणि दुसऱ्या दिवशी उठवून ज्याचा त्याच्या हाती देई. नियम जुना, दौत-टाकाच्या काळातला. तेव्हा सहीची शाई ओली राहायची. पुढे दौत गेली, टाक गेला, बॉलपेन आलं. कागद वाळवणं मात्र राहिलं. तिला कुणी कधी विचारलं नाही आणि तिनेही आपल्या मनाला विचारलं नाही.

तिला ते काम आवडे. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर सांडायचं. पंख्याच्या वाऱ्याने कागदांच्या कडा हलायच्या, झोपेतल्या श्वासासारख्या. कुणाचं दुकान, कुणाची विहीर, कुणाच्या घराचा जिना, सगळं आपल्या हाताखाली स्वप्न बघत पडलंय असं तिला वाटे. रोज सकाळी ती टेबलाच्या कडेला हात लावून तो कपाळी लावी, देवाचं नाव घेई आणि मगच खुर्चीत टेकायची.

मग नव्या बाईसाहेब आल्या. त्या टेबलाटेबलापाशी जाऊन एकच विचारत: हे उचललं तर लोकांचं काय अडेल? नकला तपासणारं टेबल आधीच गेलं होतं, आणि ती तपासणी तपासणारंही. कचेरीत सगळ्यांनी धसका घेतला. हेडक्लार्कने अंगाईबाईला हळूच पढवून ठेवलं, की दमट हवेत कागद आकसतो असं ठोकून द्या, त्यांना काय कळतंय. घरी थोरल्या जाऊबाईंनी बजावलं, की तोंड शिवून बस. आज टेबल गेलं की उद्या माणूस जातं.

बाईसाहेब तिच्या टेबलाशी येणार त्याच दुपारी एक पाळणाघरवाली खिडकीशी आली. दोन खोल्या भाड्याने घेऊन तिने गाद्या घातल्या होत्या. कारखान्यातल्या बाया सकाळी पाळीवर जाण्याआधी बाळं सोडणार होत्या, आणि परवाना अंगाईबाईच्या टेबलावर पहुडला होता. कागद वाळतोय, उद्या मिळेल, असं सवयीने सांगून झालं. पाळणाघरवाली चिडली नाही. नुसतं म्हणाली, "माझी पोरं निजायची खोळंबलीत, आणि तुम्ही इथे कागद निजवताय होय?"

रांगेतले हसले. अंगाईबाईही हसली, पण ते वाक्य तिच्या आत कुठेतरी रुतून बसलं. तिने सहीवरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. सही कोरडी ठणठणीत होती.

तेवढ्यात बाईसाहेब समोर उभ्या. प्रश्न तोच. हेडक्लार्क मागून खाकरला. अंगाईबाईच्या डोळ्यांपुढे जाऊबाई आल्या, आणि घरातली महिनाअखेरही. तिने मनातल्या मनात देवाला हाक मारली.

"काही अडणार नाही," ती म्हणाली. "सही वाळूनच येते. मी नोकरीला लागले तेव्हाही वाळूनच यायची."

"मग तुमचं काय करायचं?"

"ते तुम्ही बघा. हिचा कागद मी देऊन टाकते."

तिने गोटे बाजूला केले, परवाना पाळणाघरवालीच्या हातात ठेवला आणि एकेक करून उरलेले कागदही उठवले. रांग पुढे सरकत राहिली. बाईसाहेब तिथेच उभ्या राहून बघत होत्या. टेबल रिकामं झालं तेव्हा त्या म्हणाल्या, की उद्यापासून जो सही करेल त्यानेच खाली येऊन कागद द्यायचा. अंगाईबाईंनी दारापाशी बसायचं, आणि कुणाचा कागद कुणाकडे अडलाय हे विचारेल त्याला सांगायचं.

"नावानिशी?" तिने चाचरत विचारलं. "साहेबांचंसुद्धा?"

"माझंसुद्धा."

संध्याकाळी शिपायांनी टेबल उचलून नेलं. त्याच्याखालची फरशी इतर फरशीहून उजळ होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. ती जरा वेळ त्या चौकोनात उभी राहिली. मग आपली खुर्ची उचलून दाराकडे निघाली.