मिश्री म्हणजे तंबाखू थोडीच?

आमच्या घरात तोंडाचा कॅन्सर झालाच तर तो नवऱ्याला होणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. ते नागापूरच्या कारखान्यात फिटर, गालात कायम तंबाखूचा बार. मी शाळेत विज्ञान शिकवणारी. दर रविवारी चर्चहून आलं की मी त्यांना खुर्चीत बसवायची आणि बॅटरी रोखून म्हणायची, "आ करा."

कुठंतरी वाचलं होतं, हा आजार पुरुषांना जास्त होतो; बायकांना त्यांच्या हार्मोनचा थोडाफार आधार मिळत असावा. मी त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं उचललं. "आम्हाला देवानं आतूनच औषध दिलंय," असं त्यांना ऐकवायची.

"त्यानंच तोंड लई चालतं व्हय?" ते म्हणायचे.

शेवटी माझ्या कटकटीपायी त्यांनी तंबाखू सोडली. मी शाळाभर मिरवले.

गेल्या वर्षी माझ्याच हिरडीवर पांढरा चट्टा आला. दुखेना, खुपेना. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू?"

"छे! घरातली ती मीच बंद केलीय."

"दात कशानं घासता?"

"मिश्रीनं."

मिश्री म्हणजे तव्यावर जाळलेली तंबाखू, कुटून केलेली काळी पूड. आई लावायची, सासूबाई लावायच्या, मी चाळीस वर्षं दिवसातून दोन वेळा लावत आले. तव्यावरचा ठसका दर महिन्याला माझ्याच नाकात जायचा. पण ते दात घासणं. त्याला तंबाखू खाणं कोण म्हणतं?

मी माझं हार्मोनपुराण लावलं. बाईंनी शांतपणे ऐकलं. "मॅडम, त्यावर संशोधन चालू आहे, पक्कं काही नाही. तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"आठ."

"म्हणजे आधार असलाच, तरी तो आठ वर्षांपूर्वीच ओसरला. मिश्री मात्र चालू राहिली."

हे सगळं मी मुलींना फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट पुढं चांगला आला, पण मधल्या रविवारी ते आम्हाला ठाऊक नव्हतं. चर्चहून आल्यावर नवऱ्यानं मला खुर्चीत बसवलं, बॅटरी उचलली. "आ कर."

ते बराच वेळ वाकून उभे राहिले. "काय न्हाई. बरं हाय," म्हणाले.

बॅटरी त्यांनी लावलीच नव्हती.