राखणदाराचं टेबल

गुरुदासचा राग अख्ख्या वाडीला पाठ होता. पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, आणि बिघडलेल्या पंपाशीही तो असा भांडायचा की शेजारणी खिडक्या लावून घ्यायच्या. पण माणूस शब्दाचा पक्का. येतो म्हणाला की आभाळ कोसळलं तरी येणार, शिव्या देत येणार, पण येणार.

अशा माणसावर बड्या हॉटेलात जेवायला जायची पाळी आली, ती काही हौसेने नव्हे. समुद्रालगतची वडिलोपार्जित जमीन भाऊबंदांनी मिळून हॉटेलवाल्यांना विकली, त्यात याचीही सही होती. त्या जमिनीत उंडीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड. राखणदार म्हणजे जागेचा धनी. भातकापणी झाली की त्याला कोंबडी-वडे दाखवायचे, खड्या आवाजात गाऱ्हाणं घालून सगळ्यांसाठी मागणं मागायचं आणि घरच्यांनी तिथंच बसून जेवायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सही करण्याआधी गुरुदास त्या झाडाखाली जाऊन सांगून आला होता, "जमीन इकतंय, तुका इकणंय नाय. दर वर्साक येतलंय."

पहिल्या मॅनेजरने कधी अडवलं नाही. तो बदलून गेला आणि गेल्या वर्षी गेटवरूनच हाकललं. म्हणे, आत फक्त गेस्ट. गुरुदासने गेटवर तमाशा केला, फोनवर फोन केले, तर पलीकडचा गोड आवाज दर वेळी एकच सांगे, "मेल करा." मेल करा! राखणदाराला काय मेलवर जेवायला वाढायचं? दिलेला शब्द मोडला, तोही कुणाला दिलेला! वर्षभर त्याला अन्न गोड लागलं नाही.

शेवटी सावंतवाडीला बँकेत नोकरी करणारी त्याची मुलगी तन्वी म्हणाली, "बाबा, आपण गेस्टच होवया. मी टेबल बुक करतंय."

"आपल्याच राखणदाराकडे जावक टेबल बुक करूचा?" गुरुदास कडाडला. पण दुसरा मार्ग कुणाकडे होता?

दिवेलागणीला तिघं निघाली. गुरुदासने लग्नकार्यातली पॅंट चढवली, त्याची बायको तुळसा हिने पहाटेपासून खपून कोंबडी-वड्यांचा डबा भरला. आणि गेटवर डबा काढून घेतला! बाहेरचे खाद्यपदार्थ आत चालत नाहीत. नारळही नाही. नारळ काय बॉम्ब आहे? गुरुदासच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"बाबा, आवाज चढवू नकात," तन्वी कुजबुजली.

"मी खंय चढवतंय?" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की कुंपणावरचा कावळा उडाला.

आत गेल्यावर तर पायाखालची जमीनच सरकली. कारंज्याशेजारी, पिवळ्या दिव्याच्या झोतात, गळ्यात झेंडूचा हार घालून राखणदाराचा दगड उभा! एक जोडपं त्याच्याबरोबर फोटो काढत होतं.

"ह्यो कोणी हयसर आणल्यान?" गुरुदास जवळजवळ रडकुंडीला आला.

रेस्टॉरंट सांभाळणारी रश्मी नावाची मुलगी हसतमुखाने पुढे आली. "झाडाभोवती टेबलांसाठी लाकडी डेक केला ना, तेव्हा इथे शिफ्ट केला. गेस्टना खूप आवडतो. आम्ही रोज हार घालतो."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच तर जास्त चीड आणणारं होतं. भांडायचं तरी कुणाशी? गुरुदास मटकन पायरीवर बसला. "संपला गो सगळा," तो बायकोला म्हणाला.

"जळ्ळी तुमची अक्कल!" तुळसा डाफरली. "दगड हलवल्यानी म्हणान तो हललो काय? तो झाडाच्या मुळात आसा, थंयच. उठा."

उंडीच्या बुंध्याला लागून एक टेबल होतं. तन्वीने तेच मागितलं. रश्मी म्हणाली, "सॉरी, ते चार जणांचं आहे. तुम्ही तिघंच आहात."

"आमी चारच आसंव," गुरुदास ताडकन म्हणाला. तन्वीने मान डोलावली. नियमापुढे नियमच ठेवला, रश्मी काय करणार?

कोंबडी मागवली. ती येईपर्यंत भाताचं एक शेत कापून झालं असतं. आली तेव्हा परातीएवढ्या ताटात हाड नसलेले तीन तुकडे, त्यावर एक फूल.

"ह्या काय गो? ह्या त्याका दाखवूचा, काय त्याका चिडवूचा?"

"आता आसा ता दाखवा," तुळसा म्हणाली. "आणि हळू. लोक बघतत."

गुरुदासने ताट बुंध्याकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवलं, उभा राहिला आणि हात जोडले. आवाज हळूच काढायचा होता त्याला. पण गाऱ्हाणं हळू घालता येतं थोडंच?

"बा राखणदारा म्हाराजा! गेल्या वर्साक माका गेटार अडवल्यानी, ता तुका दिसला असतला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मायलेकी पुटपुटल्या. शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले.

"आज घरचो डबो गेटार र्‍हवलो. हयसरचा चिमटीभर आसा, ता गोड मानून घी. शब्द चुकलंय, माफ कर. जमीन गेली तरी तुका सोडूक नाय, तू आमका सोडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

रश्मी लगबगीने येत होती. गुरुदासने ती पाहिली, पण आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. गाऱ्हाण्यात सगळ्यांसाठी मागायचं असतं.

"आणि जी लेकरां हयसर राबतत, रात्री-अपरात्री घराक जातत, तेंचीय राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज मायलेकींचा नव्हता. ट्रे हातात धरलेल्या वेटरनी, पाण्याचे ग्लास भरणाऱ्या मुलींनी, मुदपाकखान्याच्या दारात उभ्या आचाऱ्यांनी एका सुरात तो दिला होता. संध्याकाळभर "येस सर, शुअर सर" करणारी ही सगळी आसपासच्याच वाड्यांतली पोरं. रश्मी जागच्या जागी उभी राहिली.

गुरुदासच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्या पुसायचंही त्याला सुचेना.

"आता बसा नि जेवा," तुळसा करवादली. "तुमी घास घेतल्याशिवाय तो जेवूचो नाय. एक वरीस उपाशी आसा."