रिकाम्या हाताने चालायचं

थांब गो बाय, फोन ठेवू नको, आधी ऐक. फोनवर नुसतं ‘काकी, काकांना रोज चालायला लाव’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. चालायला लावणं एवढं सोपं असतं काय?

तुझे काका तरुणपणी ब्राझीलला बांधकामावर होते. तिथल्या मातीच्या झोपड्यांतून एक किडा असतो. झोपेत चावतो आणि त्याच्या घाणीतून जंतू रक्तात शिरतात. ह्यांना काही कळलंच नाही. गावी येऊन काजू लावले, संसार केला. म्हातारपणी हृदय पसरलं, तेव्हा गोव्याच्या डॉक्टरांनी खोदून खोदून विचारत ते मूळ शोधलं. आता जंतूवरच्या औषधाचा उपयोग नाही, म्हणाले. राहिल्या हृदयाच्या गोळ्या आणि व्यायाम.

व्यायामाने रोग जाणार नव्हता, अंगात थोडी ताकद राहणार होती, एवढंच. गोव्याच्या हॉस्पिटलात छातीला वायरी लावून सायकल चालवून घेत. फरक पडला हो! टेकडीवरच्या देवळापर्यंत मध्ये न बसता गेले, तेव्हा मला रडूच आलं. पण बांद्याहून गोव्याची बस धरून जाण्या-येण्यातच माणूस गळून जाई. मग डॉक्टर म्हणाले, घरीच चाला. सपाटीवर, रिकाम्या हाताने, बोलता येईल इतक्याच वेगाने.

आता आपल्या गावात काम नसताना रस्त्याने कोण चालतं? पहिल्याच दिवशी शेजारी कुंपणावरून ओरडला, “खंय चललंस रे?”

“खंय नाय. उगीच चलतंय.”

“उगीच? डोक्यार पडलंस की काय?”

ह्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बाजाराला निघाल्यासारखी खांद्याला पिशवी अडकवली. झालं! जो तो म्हणे, येताना माका मीठ हाड, माझ्या कोंबड्यांचा खाद्य हाड. वाडीतल्या माणसाला आणत नाही असं कसं म्हणणार?

मी म्हटलं, “सांगा मा, छातीचो आजार आसा म्हणून.”

तर माझ्यावरच डाफरले, “गावभर माझो तमाशो करूचो आसा तुका?”

एक दिवस कोंबड्यांच्या खाद्याची पिशवी खांद्यावर घेऊन आले ते पायरीवरच बसले. ओठ निळे, तोंडातून शब्द फुटेना. फुप्फुसात पाणी भरलं होतं. हॉस्पिटलातून परत आणले, पण पायातली सूज काही उतरली नाही. आता खाटेपासून पडवीपर्यंत येतात आणि खांब धरून उभे राहतात. डॉक्टर म्हणतात, सूज उतरू दे, मग हळूहळू पुन्हा सुरू करू. मी मान डोलावते. पुन्हा म्हणजे कधी, ते मीही विचारत नाही, तेही सांगत नाहीत.

सकाळी कधी कधी हे चपला घालून बसतात. थोड्या वेळाने आपणच काढून ठेवतात. मी बघून न बघितल्यासारखं करते.

तू ये गो लवकर. गणपतीपर्यंत थांबू नको. आणि बसवर न्यायला काका येतील म्हणून वाट बघत उभी राहू नको, तूच चालत घरी ये.