न मोडणारा बीम

आमच्या विभागप्रमुखांना मोडलेलं काही चालत नसे. खडू मोडलेला नाही, शिस्त मोडलेली नाही आणि बीम तर नाहीच नाही. आता ज्या विषयाचा सगळा जीवच वस्तू कधी मोडते, कुठून मोडते आणि का मोडते यात आहे, तो विषय शिकवणाऱ्या माणसाला मोडण्याचा इतका तिटकारा असावा, हे नुसतं आठवलं तरी माझी कानशिलं तापतात. बायको म्हणते, किती वर्षं झाली, सोडा आता. मी सोडत नाही. हा राग मी लोणच्यासारखा मुरवून ठेवलाय आणि आज बरणी उघडतोय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनात मी सिव्हिलच्या डिप्लोमाला होतो. विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. दोन आधारांवर बीम, म्हणजे आपली घरातली तुळई, आडवी ठेवायची, तिच्यावर भार टाकायचा आणि ती किती वाकेल, कुठे तडकेल ते कागदावर काढायचं. त्यात मी नापास झालो होतो. हिवाळी परीक्षेत पुन्हा आपटलो तर पुढच्या वर्गात प्रवेश नव्हता. आणि प्रवेश नसेल तर शिक्षणच बंद, कारण थोरल्या भावाने मुंबईत एका रंगाच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मंडणगडकडच्या आमच्या गावातले सगळे तसेच गेले होते. मला जायचं नव्हतं. मला बांधकामं करायची होती. माझं हे एवढं एकच म्हणणं त्या एका पेपरवर लटकलेलं होतं.

सूत्रं पाठ नव्हती असं नाही. गॅदरिंगच्या नाटकात राजाचं काम माझंच असायचं, त्यामुळे सूत्रंही मी दरबारात उभं राहिल्यासारखी खड्या आवाजात म्हणून दाखवत असे. पण भार इथून तिथे सरकवला की बीमच्या पोटात नेमकं काय होतं, ते मला दिसत नव्हतं. फळ्यावरचा बीम वाकत नाही हो. तो खडूचा असतो.

त्या वर्षी कॉलेजात कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी खोली थंड केली, दारं-खिडक्यांना पडदे लावले, आणि प्राध्यापक घामाने भिजून शिकवत असताना ती यंत्रं गारव्यात झोपू लागली. दाराशी शिपाईमामा बसलेले. “चपला भायेर काढा, आन् हात लावू नका,” असं ते सांगत. हात लावायचा नाही, तर आत जाऊन करायचं काय, नमस्कार?

हात लावायला दिला तो आमच्या नव्या सरांनी. हे सर अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलेले, वडील कोयना वीजप्रकल्पाच्या कामावर. बोगदे आणि काँक्रीट बघत मोठा झालेला माणूस. त्यांनी स्वतः बसून एक प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर हिरव्या रेघांचा बीम यायचा. भार किती आणि कुठे, ते आपण टाकायचं. बीम वाकायचा. मग यंत्र विचारायचं, तडा कुठे जाईल, वरच्या अंगाला की खालच्या? उत्तर चुकलं की बीम कडाडकन मोडायचा, म्हणजे यंत्र पिपाणीसारखं किंचाळायचं, आणि रोमन अक्षरांत मराठी ओळ उमटायची: बीम मोडला. खाली कोण उभं होतं?

इथे नाव टाकायचं. मग पुढची ओळ यायची: अमुक अमुक यांना बाहेर काढा आणि गणित पुन्हा करा.

काय सांगू तुम्हाला, त्या चार-पाच तासिकांत मला जितका बीम समजला तितका आख्ख्या वर्षात समजला नव्हता. मेसवाल्याला आम्ही बाहेर काढलं, रेक्टरांना काढलं, परीक्षकांना तर इतक्या वेळा काढलं की ते तिथेच राहायला आले असावेत. आणि काढता काढता मला दिसू लागलं, की दोन्ही टोकांना आधार असलेला बीम मधे दाबला की पोटाशी ताणला जातो, म्हणून तडा खालून जातो. छज्जा मात्र एकाच बाजूने धरलेला, तो पाठीवर ताणला जातो, म्हणून त्याच्या सळ्या वर घालायच्या. हे मला कोणी पाठ करून घेतलं नव्हतं. मी मोडून मोडून शिकलो होतो.

मग एके दिवशी विभागप्रमुख आत आले, अगदी चपला बाहेर काढून. माझ्या शेजारच्याचा बीम नुकताच मोडला होता. पडद्यावर मोठ्या झोकात लिहिलेलं: विभागप्रमुख यांना बाहेर काढा आणि गणित पुन्हा करा.

विभागप्रमुखांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. आम्ही हसू दाबायला जिभा चावत होतो. नव्या सरांनी नाव विचारण्याची ओळ काढून टाकतो म्हणून लगेच कबूल केलं, आणि तिथेच ते संपायला हवं होतं. पण नाही. विभागप्रमुखांना मुळात मोडणंच गैर वाटलं. सरकारी यंत्रावर मुलांनी रोज मोडतोड बघायची? तपासणीला साहेब येणार, त्यांच्यासमोर बीम मोडला तर विभागाची काय शोभा राहील? तेव्हा यापुढे बीम मोडणार नाही. नव्या सरांनी परोपरीने समजावलं. शेवटी हुकूम झाला तो झालाच, आणि जुनी फ्लॉपीसुद्धा समोर बसून पुसायला लावली. नव्या सरांनी मग चिडून मोडण्याचा हिशेबच काढून टाकला. काहीही टाका, बीम ताठ आणि खाली एकच शब्द: छान.

तपासणीच्या दिवशी प्रात्यक्षिक दाखवायला मला निवडलं, कारण आवाज चांगला. विभागप्रमुखांनी कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या ते माझ्याकडून घोकून घेतलं आणि वर आमिष दाखवलं, नीट केलंस तर परीक्षेपर्यंत रोज तासभर कॉम्प्युटर तुझा. मी कळा घोकल्या. मला तो तास हवा होता.

साहेब आले. मी राजाच्या थाटात उभा राहून बीम दाखवला. चार बोटं जाडीचा लाकडी बीम. भाताच्या पोत्याएवढा भार टाकला. छान. साहेब म्हणाले, आणखी टाक. मी बैलगाडीएवढा टाकला. छान. साहेबांना गंमत वाटू लागली. शेवटी मी भरलेल्या एसटीचं वजन टाकलं, कंडक्टरसकट, आणि तसं मोठ्याने सांगितलंही. चार बोटांच्या लाकडावर एसटी उभी राहिली आणि यंत्र म्हणालं, छान.

मी साहेबांकडे बघत होतो. आता विचारतील, आता भुवई वर जाईल. इंजिनिअर होते ते. विभागप्रमुखही इंजिनिअर. मान हलवत साहेब म्हणाले, “वा. मुलांचं कुठे चुकतच नाही.”

“हेच तर आमचं उद्दिष्ट,” विभागप्रमुख म्हणाले.

मागे नवे सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर पडद्याकडे वळवली. त्या क्षणी माझ्या अंगात जे पेटलं ते आजतागायत विझलेलं नाही.

आणि ऐका, विभागप्रमुख माणूस शब्दाचा पक्का. मला रोजचा तास मिळाला. त्या गारढोण खोलीत, अनवाणी पायांनी, मी रोज जाऊन बसायचो आणि ते यंत्र मला सांगायचं, छान. चुकीचा भार, छान. चुकीची जागा, छान. भार उणे टाकला, बीम आभाळाकडे उचलायला लावला, तरी छान. पहिल्या दिवशी मी कीबोर्डवर मूठ आपटली आणि मामांनी दार उघडून डोकं आत घातलं. “काय रे मेल्या, राग कोनावर काढतंस?”

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गेलो. भार टाकला, छान आलं. तेव्हा मी कागदावर गणित मांडलं आणि पडद्याला सिद्ध करून दाखवलं की बाबा रे, तू मेलेला आहेस. तू अमक्या जागी, खालच्या अंगाने तडकला आहेस आणि तुझ्यावरची एसटी खड्ड्यात आहे. मग पुढचा भार. पुन्हा छान, पुन्हा गणित. रोज तासभर मी त्या खोटारड्या यंत्राशी भांडत होतो आणि भांडणात हरायचं नाही म्हणून गणित दोनदा तपासत होतो. आधाराबाहेर टोक काढलेल्या बीमची गणितं मला सगळ्यांत अवघड जायची. त्यांच्यावर तर मी दातओठ खाऊन तुटून पडलो. नवे सर कधीतरी येऊन कागद बघत, एखाद्या आकड्यावर बोट ठेवत आणि निघून जात. एकदाच म्हणाले, “हा बरोबर मोडलायस.”

परीक्षेत तोच आला, बाहेर टोक काढलेला बीम. मी असा तुटून पडलो की पुरवणी मागावी लागली. निकाल लागला आणि मी पास झालो. रंगाच्या कारखान्यातली ती जागा भावाने गावातल्या दुसऱ्या कोणाला तरी दिली.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना चांगलं, मग राग कसला? थांबा. पुढच्या वर्षी विभागप्रमुखांनी मला नव्या वर्गापुढे उभं केलं. हा नापास झालेला मुलगा, कॉम्प्युटरवर रोज सराव केला आणि पास झाला, असं कौतुक केलं, आणि मला म्हणाले, “सांग रे यांना, कशामुळे पास झालास ते.”

नवे सर तेव्हा दुसरीकडे बदलून गेले होते. मी खड्या आवाजात सांगितलं, “सर, तुमचा आणि या मशीनचा भयंकर राग आला म्हणून. मशीन चुकीचं सांगतं. आधी कागदावर गणित करा, यावर विश्वास ठेवू नका.”

वर्ग हसला. सरही हसले, अगदी मनापासून. “नाटकात राजा असतो हा,” ते म्हणाले. मग मला बाजूला करून त्यांनी पडद्यावर बीम आणला आणि पहिली कळ कोणती दाबायची ते वर्गाला लिहून घ्यायला सांगितलं.